इम्प्लांटवरची कॅप: सिमेंटने चिकटवलेली घ्यावी की स्क्रूने आवळलेली?

इम्प्लांट म्हटलं की सगळं लक्ष हाडात जाणाऱ्या टायटॅनियमकडे असतं. कंपनी कोणती, लांबी किती, हाड पुरेसं आहे का, सायनस किती दूर आहे. वरच्या कॅपचा विषय मात्र ‘ती लॅबवाला करून देईल’ एवढ्यावर संपतो. हाड नीट धरलेलं असतानाही पुढे जे त्रास उद्भवतात, ते बरेचसे या वरच्या भागातले असतात: कॅप हलते, घास अडकतो, वास येतो, हिरडी दाबली की पू येतो, सिरॅमिकचा टवका उडतो. म्हणून इथे परीक्षण फक्त कॅपचं आहे, तेही बाजारात सर्रास मिळणाऱ्या दोन प्रकारांचं. एक, रेडीमेड अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांच्यामधला खुंट) तोंडात आवळून त्यावर सिमेंटने चिकटवलेली कॅप. दुसरा, टाय-बेस नावाच्या छोट्या टायटॅनियमच्या बुडावर लॅबमध्येच चिकटवलेली आणि तोंडात एकाच स्क्रूने आवळायची झिर्कोनियाची, म्हणजे कठीण पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप.

निकाल आधीच सांगतो. एका दाढेसाठी किंवा उपदाढेसाठी दुसरा प्रकार घ्यावा. कारण साधं आहे, तो काढता येतो. इम्प्लांटवरच्या दाताला पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कधी ना कधी हात लावावा लागतो, हे धरूनच काम करायला हवं. अर्थात ‘स्क्रूची कॅप’ एवढं म्हणून ती चांगली ठरत नाही. तिच्यातही चुका करायला भरपूर वाव आहे.

सिमेंटची कॅप

हा प्रकार लोकप्रिय झाला, कारण तो ओळखीचा वाटतो. नैसर्गिक दात घासून त्यावर कॅप बसवायची सवय प्रत्येक दंतवैद्याला असते आणि इथेही कृती तीच दिसते. वर भोक नाही, चावण्याचा पृष्ठभाग अखंड, लॅबचं काम सोपं, खर्च कमी. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या रुग्णावर उपचार केले तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं इम्प्लांटवरचे दात स्क्रूनेच बसत. सिमेंटची पद्धत नंतर रुळली, ती दिसण्याच्या आणि सोयीच्या आग्रहातून.

पण हिरडीच्या आत गेलं की दात आणि इम्प्लांट यांच्यातलं साम्य संपतं. नैसर्गिक दाताला हिरडीचे तंतू आडवे घुसून चिकटलेले असतात. कॅप दाबली की जादा सिमेंटला खाली जायला ते अडथळा करतात आणि ते वर, डोळ्यांसमोर येतं. इम्प्लांटभोवतीचे तंतू बहुतांशी समांतर किंवा गोल फिरणारे असतात, टायटॅनियमला ते रुतून बसत नाहीत. त्यामुळे दाबलेलं सिमेंट सरळ हाडाच्या दिशेने सरकतं. अमेरिकेतले हिरड्यांचे तज्ज्ञ टॉमस विल्सन यांनी २००९ साली दातांच्या एंडोस्कोपने आत पाहिलं. इम्प्लांटभोवती दाह असलेल्या ठिकाणांपैकी ८१ टक्के ठिकाणी जादा सिमेंट सापडलं. ते काढल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश ठिकाणी दाहाची लक्षणं गेली. इम्प्लांट, हाड, सफाई, सगळं ठीक असूनही केवळ तांदळाच्या कणीएवढ्या सिमेंटपायी हाड जाऊ शकतं, ही गोष्ट रुग्णाला कुणीतरी आधी सांगायला हवी.

मूळ चूक सिमेंटच्या आधी होते, अबटमेंट निवडताना. रेडीमेड अबटमेंटची कड सगळीकडून एकाच उंचीवर असते. हिरडी तशी नसते. पुढच्या दातांत ती ओठाच्या बाजूला खाली आणि दोन दातांच्या मध्ये चांगली ३ मिलिमीटर वर असते. ओठाकडून कड १ मिलिमीटर आत लपवली की फटीकडे ती ४ मिलिमीटर खोल जाते, आणि तिथलं सिमेंट कोणत्याही स्केलरने विश्वासाने निघत नाही. कड हिरडीखाली दीड मिलिमीटरपेक्षा जास्त खोल गेली की सिमेंट पूर्ण निघालं असं कुणीही छातीठोकपणे म्हणू नये. उपाय म्हणजे हिरडीच्या वळणाप्रमाणे कड चालवलेलं, त्या रुग्णासाठीच मशीनवर कोरलेलं (मिल केलेलं) अबटमेंट. ते महाग पडतं. पण पुढच्या दाताला सिमेंटची कॅप करायचीच असेल तर ते टाळता येत नाही.

दुसरी चूक प्रमाणाची. कॅपच्या आत सिमेंटसाठी ठेवलेली जागा साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. तरी कॅप अर्धी भरून दाबली जाते. यावर टेफ्लॉनच्या पट्टीची युक्ती उत्तम चालते आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. कॅपच्या आत नळाला गुंडाळतात तसली पातळ टेफ्लॉन पट्टी पसरायची, कॅप अबटमेंटवर दाबून पट्टी नीट बसवायची आणि काढायची. आता पट्टी आत असतानाच कॅपमध्ये लवकर घट्ट होणारं सिलिकॉनचं माप-साहित्य भरायचं, वर धरायला मूठ ठेवायची. ते निघालं की हातात अबटमेंटची किंचित बारीक प्रतिकृती येते. पट्टी काढून टाका, कॅपमध्ये सिमेंट लावा, तोंडाबाहेर या प्रतिकृतीवर दाबा, बाहेर आलेलं पुसा, प्रतिकृती काढा आणि लगेच कॅप तोंडात बसवा. आत उरतो तो फक्त पातळ थर.

सिमेंट कोणतं, यातही घोळ होतो. जस्त असलेली सिमेंटं, म्हणजे झिंक फॉस्फेट किंवा झिंक ऑक्साइडची, एक्स-रेत ठळक दिसतात. ‘इम्प्लांटसाठी खास’ म्हणून विकली जाणारी काही रेझिन सिमेंटं पातळ थरात जवळजवळ दिसतच नाहीत. अबटमेंट ५-६ मिलिमीटर उंच आणि बाजू फारशा निमुळत्या नसतील तर साधं सिमेंटही कॅप धरून ठेवतं. तिथे तगडं रेझिन वापरलं तर पुढे आतला स्क्रू ढिला झाला की कॅप कापण्यावाचून पर्याय राहत नाही. आणि एक्स-रे स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो फक्त दोन दातांमधल्या बाजू दाखवतो. गालाकडचं आणि जिभेकडचं सिमेंट इम्प्लांटच्या सावलीत लपतं.

टाय-बेसवरची झिर्कोनिया

टाय-बेस म्हणजे इम्प्लांटमध्ये अचूक बसणारं टायटॅनियमचं बूड आणि त्यावर काही मिलिमीटरची नळी. त्या नळीवर लॅब झिर्कोनियाची कॅप चिकटवते. चिकटवण्याचं काम तोंडाबाहेर होतं, जादा सिमेंट भिंगाखाली पुसून पॉलिश करता येतं, आणि तोंडात फक्त स्क्रू आवळायचा. वरचं भोक कंपोझिटने बंद होतं. कल्पना चोख आहे. फसगत होते ती ऑर्डर देताना आणि चिकटवताना.

ऑर्डर देताना तीन गोष्टी लिहाव्या लागतात आणि त्या फोनवर सांगून चालत नाही. पहिली, एकट्या दातासाठी फिरू न देणारा, म्हणजे एंगेजिंग टाय-बेस. त्याच्या खालच्या षटकोनाने कॅप जागच्या जागी अडकते. ब्रिजसाठी नॉन-एंगेजिंग. यात अदलाबदल झाली तर एकटी दाढ स्क्रूवर गोल फिरायला बघते आणि स्क्रू वारंवार सुटतो. उलट ब्रिजला दोन्हीकडे एंगेजिंग घातले तर थोड्याशा तिरक्या इम्प्लांटवर तो बसतच नाही. दुसरी, कॉलरची, म्हणजे नळीखालच्या हिरडीतून जाणाऱ्या भागाची, उंची. इम्प्लांट हिरडीखाली ३ मिलिमीटर असताना अर्ध्या मिलिमीटरची कॉलर मागवली की झिर्कोनियाचा रुंद भाग हाडाच्या कडेवर टेकतो आणि कॅप पूर्ण बसत नाही. तिसरी, नळीची उंची. जागा असेल तर साडेतीनऐवजी साडेपाच मिलिमीटरची घ्या. चिकटायला जितकी जास्त जागा, तितकी पकड चांगली. आखूड नळीवरची उंच दाढ हा कॅप सुटण्याचा हमखास नुसखा आहे.

आता चिकटवणं. इथे लॅब आणि दवाखाना एकमेकांवर ढकलतात, म्हणून कोण काय करणार ते जॉबच्या चिठ्ठीवरच लिहून टाकावं. टाय-बेस ॲनालॉगवर, म्हणजे इम्प्लांटच्या लॅबमधल्या नकलेवर, स्क्रूने बसवायचा, म्हणजे इम्प्लांटमध्ये जाणारा भाग झाकला जातो आणि त्यावर वाळूचा कण उडत नाही. स्क्रूचं भोक मेणाने किंवा टेफ्लॉनने बंद करायचं. टायटॅनियमवर ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा मारा २ बार दाबाने. झिर्कोनियाच्या आतल्या बाजूला तेच कण, पण १ बारने. जास्त दाबाने झिर्कोनियाला सूक्ष्म भेगा पडतात. मग दोन्ही भाग अल्ट्रासॉनिकमध्ये धुवून कोरडे करायचे आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. दोन्हींवर एमडीपी (धातू आणि झिर्कोनिया दोन्हींना धरणारं रसायन) असलेला प्रायमर, मग स्वतःहून घट्ट होणारं रेझिन सिमेंट. अपारदर्शक झिर्कोनियातून दिव्याचा प्रकाश नीट पोचत नाही, त्यामुळे केवळ प्रकाशावर घट्ट होणारं सिमेंट इथे चालत नाही. कॅप आधी तोंडात बसवून पाहिली असेल तर लाळेतले फॉस्फेट झिर्कोनियाला चिकटलेले असतात, ते प्रायमरची जागा आधीच अडवतात. ती फॉस्फोरिक ॲसिडने ‘स्वच्छ’ करणं म्हणजे आणखी फॉस्फेट लावणं. त्यासाठी झिर्कोनियाचं वेगळं क्लीनर मिळतं, नाहीतर पुन्हा वाळूचा हलका मारा द्यायचा.

हिरडीतून वर येणारा कॅपचा भाग किती फुगीर ठेवायचा, हे बहुतेक वेळा लॅबच्या संगणकावर बसलेला तंत्रज्ञ ठरवतो आणि त्याला तोंड दिसत नसतं. अरुंद इम्प्लांटवर रुंद दाढ बसवताना बाजू एकदम बाहेर फेकल्या जातात. इम्प्लांटच्या अक्षापासून हा कोन ३० अंशांपेक्षा जास्त झाला आणि बाजू फुगीर असली की खाली ब्रश पोचत नाही. अशा रचनेचा हाडाच्या झिजेशी संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. हिरडीखाली बाजू सरळ किंवा किंचित आत वळलेली हवी, आणि तिथली झिर्कोनिया आरशासारखी पॉलिश हवी, ग्लेझ (काचेसारखा थर) लावलेली नको. डिझाइनचा स्क्रीनशॉट मागवा, मिलिंगच्या आधी.

भोक कुठे येतं, हा या प्रकाराचा खरा अडसर. दाढेत ते मधल्या खळग्यात यावं. पुढच्या दातांत ते जिभेच्या बाजूला यायला हवं, पण इम्प्लांट ओठाकडे झुकला असेल तर ते दर्शनी भागावर येतं. तिरका स्क्रू-मार्ग असलेले टाय-बेस साधारण २५ अंशांपर्यंत हे वळवून घेतात. त्यांना गोल डोक्याचा खास ड्रायव्हर लागतो, तो लॅबने पाठवला नाही तर कॅप बसवण्याच्या दिवशी रुग्ण खुर्चीत आणि ड्रायव्हर कुरियरमध्ये. त्याहून जास्त झुकाव असेल तिथे चालवलेल्या कडेचं अबटमेंट आणि सिमेंटच बरं. हा सिमेंटचा हक्काचा प्रांत आहे.

टॉर्क

स्क्रू आवळला म्हणजे तो किंचित ताणला जातो. तो ताण कॅपला इम्प्लांटवर दाबून धरतो. आपण जो पीळ, म्हणजे टॉर्क, लावतो त्यातला सुमारे ९० टक्के घर्षणात जातो, ताणासाठी जेमतेम १० टक्के उरतो. म्हणून हाताने ‘घट्ट केला’ याला काही अर्थ नाही. टॉर्क रेंच लागतोच.

आकडा कंपनीच्या पत्रकातूनच घ्यावा. स्ट्रॉमनच्या अबटमेंटला ३५ न्यूटन-सेंटिमीटर सांगतात, ऑस्टेमच्या टीएस मालिकेत रेग्युलरला ३० आणि मिनीला २०. मिनीवर सवयीने ३५ लावले की स्क्रू त्याच्या मर्यादेच्या पलीकडे ताणला जातो. मल्टी-युनिट (अनेक दातांच्या एकत्र कामासाठीच्या) अबटमेंटवरच्या छोट्या स्क्रूला साधारण १५ पुरतात. सगळ्यांना ३५ हा दवाखान्यातला पाठ मोडून टाकायला हवा.

आवळल्यावर धातूचे खडबडीत उंचवटे एकमेकांवर दबतात आणि पहिल्या काही मिनिटांतच ताणाचा २ ते १० टक्के भाग जातो. म्हणून १० मिनिटांनी त्याच आकड्यावर पुन्हा आवळायचं. ही दहा मिनिटं चाव तपासण्यात सहज जातात, पण अनेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते आणि महिन्याभरात कॅप हलते. लॅबने ज्या स्क्रूने महिनाभर मॉडेलवर कॅप उघडबंद केली, तोच तोंडात घालणं ही दुसरी ठरलेली चूक. लॅबला वेगळा स्क्रू द्या. तोंडात नवा, पाकिटातून काढलेला.

ड्रायव्हरची मापंही डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. १.२ मिलिमीटरचा षटकोन १.२५ च्या स्क्रूत सैलसर बसतो, वळतोही, आणि ३० वर गेल्यावर स्क्रूच्या डोक्याचे कोपरे खातो. मग तो स्क्रू काढणं हा दोन तासांचा उपद्व्याप होतो. ड्रायव्हर झिजले की बदला, आणि त्याला फ्लॉसचा दोरा बांधल्याशिवाय तोंडात नेऊ नका. घशात गेलेला ड्रायव्हर फुप्फुसात पोचू शकतो. रेंचमध्ये दांडी वाकवून आकडा दाखवणारा प्रकार क्लिक होणाऱ्यापेक्षा जास्त काळ खरा राहतो. मात्र आकडा समोरून, डोळ्यांच्या रेषेत वाचायचा. क्लिकवाला प्रत्येक वेळी उघडून, धुवून, तेल देऊन ऑटोक्लेव्ह केला नाही तर आत गंज धरतो आणि तो खोटं बोलू लागतो.

बसवण्याच्या दिवशी

क्रम चुकला की वरचं सगळं वाया. कॅप हाताने हलकेच आवळून आधी फ्लॉस घालून शेजारच्या दातांशी स्पर्श पाहायचा. स्पर्श जास्त घट्ट असेल तर कॅप वरच अडकते, स्क्रू मात्र फिरत राहतो आणि बसल्यासारखा वाटतो. हिरडी पांढरी पडली तर १०-१५ मिनिटांत तिचा रंग परतायला हवा. नाही परतला तर कॅप काढून बाजू कमी करायच्या. मग एक्स-रे, तोही होल्डर लावून, किरण इम्प्लांटला काटकोनात. पेचाचे आटे दोन्ही बाजूंना स्पष्ट, सुटे दिसले तरच तो एक्स-रे खरा. आटे पुसट दिसत असतील तर फट असूनही ती दिसणार नाही. कॅप बसल्याची खात्री झाल्याशिवाय टॉर्कला हात लावायचा नाही.

चाव तपासताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की नैसर्गिक दात चावताना २५ ते १०० मायक्रॉन आत दबतो, इम्प्लांट ३ ते ५ मायक्रॉन. हलक्या चाव्यात सगळे दात सारखे टेकले तर जोरात चावल्यावर सगळा भार एकट्या इम्प्लांटवर येतो. ८ मायक्रॉनची शिमस्टॉक पट्टी वापरा. हलक्या चाव्यात ती इम्प्लांटवरून सरकून निघावी, जोरात चावल्यावर अडकावी. बाजूला जबडा सरकवताना दाढेवर ठिपका उमटायला नको. झिर्कोनिया घासली तर तिथे रबराने पुन्हा चकाकी आणायची, कारण खडबडीत झिर्कोनिया समोरचा दात खाते.

भोक बंद करायला कापसाचा बोळा नको. तो ओल धरतो आणि वर्षभरात उघडलात तर वास दवाखानाभर पसरतो. ऑटोक्लेव्ह केलेली टेफ्लॉन पट्टी दाबून भरा, वर २-३ मिलिमीटर जागा सोडा आणि अपारदर्शक कंपोझिट घाला, नाहीतर करडी सावली दिसते.

मापाबद्दल थोडक्यात. माप घ्यायचं कोपिंग (मापासाठी इम्प्लांटवर तात्पुरता बसवायचा तुकडा) पूर्ण बसलं का, याचाही एक्स-रे हवा. स्कॅनर असेल तर स्कॅन-बॉडी (स्कॅनसाठी इम्प्लांटवर बसवायचा तसाच तुकडा) रेंचने न पिळता हाताने आवळायची, आणि लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमक्या त्याच कंपनीच्या भागांची मापं असलेली लायब्ररी निवडलेली हवी. दिसायला सारखी दुसरी निवडली तर दात हवेत बनतो. पूर्ण जबड्याच्या कामाला या दोन प्रकारांची तुलनाच लागू होत नाही. तिथे मल्टी-युनिट, जोडून घेतलेलं माप आणि एका टोकाचा स्क्रू आवळून दुसऱ्या टोकाची फट पाहण्याची परीक्षा, हे वेगळंच प्रकरण आहे.

पैसे आणि कागद

स्क्रूच्या कॅपला सिमेंटच्या रेडीमेड कॅपपेक्षा जास्त पैसे पडतात, आणि स्वस्तात मिळाली तर बचत बहुधा टाय-बेसवर झालेली असते. कंपनीचा मूळ भाग आणि ‘कम्पॅटिबल’ भाग शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. फरक मायक्रॉनमध्ये असतो आणि तो स्क्रूला जाणवतो. निदान स्क्रू आणि टाय-बेस इम्प्लांटच्याच कंपनीचे घ्या, झिर्कोनिया कोणत्याही चांगल्या लॅबची चालेल. शेजारचा दात वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतो आणि इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला फट पडून घास अडकू लागतो. तेव्हा स्क्रूची कॅप काढून, बाजूला सिरॅमिक चढवून परत बसवता येते. जादा पैसे वसूल होतात ते तेव्हा.

रुग्णाने बिलाबरोबर एक कार्ड मागून घ्यावं. त्यावर इम्प्लांटची कंपनी आणि मालिका, व्यास, लॉट क्रमांकाचं स्टिकर, टाय-बेसचा प्रकार, ड्रायव्हरचं माप, लावलेला टॉर्क आणि तारीख. सिमेंटची कॅप असेल तर आतल्या स्क्रूचं भोक नेमकं कुठे येतं, त्याचा चिकटवण्याआधी काढलेला फोटोही हवा. पुण्यात बसवलेला दात नागपुरात किंवा दुबईत ढिला झाला, तर तिथल्या दंतवैद्याला कॅप न फोडता नेमक्या जागी छोटं भोक पाडून, योग्य ड्रायव्हरने तो आवळता येतो.